सिस्प्लॅटिन सुरू होणार आहे, किडनी वाचवायला पुनर्नवा-गोखरूचा अर्क द्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबांचं वय ६२, वजन ५२ किलो. तंबाखूचा खर्रा अनेक वर्षांचा. गालाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, आणि पुढच्या आठवड्यापासून शेक (रेडिएशन) आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध सुरू होणार. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, १.३ आलंय. मोठ्या बाबांनी इतवारीच्या बाजारातून पुनर्नवा आणि गोखरूच्या अर्काच्या कॅप्सूल आणून ठेवल्यात. शिवाय तुम्ही एक शोधनिबंध वाचलात, त्यात अशाच अर्कामुळे सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांच्या किडन्या वाचल्या. म्हणून तुम्ही विचारताय की आजपासूनच सुरू करू का, नैसर्गिक आहे तर नुकसान तरी नाही ना.

मी नागपुरात किडनीविकारांची डॉक्टर आहे. केमो चालू असताना क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत अशी एखादी बाटली किंवा पुडी असतेच. तेव्हा आधी उत्तर देते, मग कारणं. केमो आणि शेक चालू आहे तोवर या कॅप्सूल देऊ नका. त्या वनस्पती वाईट आहेत म्हणून नव्हे. तुमच्या बाबांच्या बाबतीत त्या चुकीच्या वेळी, न मोजलेल्या मात्रेत आणि चुकीच्या सोबतीला पडतायत, म्हणून.

पण तुमचा प्रश्न वाचताना माझी नजर अर्कावर नाही, त्या १.३ वर अडकली. लॅबच्या कागदावर १.३ च्या पुढे फारसं काही लिहिलेलं नसेल, फार तर एक बाण असेल. हा आकडा वय आणि वजनासोबतच वाचायचा असतो. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाबांसाठी ७८ गुणिले ५२, भागिले ९३.६. उत्तर येतं साधारण ४३. म्हणजे त्यांच्या किडन्या मिनिटाला ४३ मिलिलीटरच्या आसपास रक्त गाळतात, असा अंदाज. यालाच क्लिअरन्स म्हणतात. तरुण निरोगी माणसात हा आकडा शंभराच्या आगेमागे असतो. ऑपरेशननंतर बाबांचं वजन उतरलं असेल, स्नायू झडले असतील, तर खरी क्षमता याहूनही कमी असू शकते, कारण क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं.

सिस्प्लॅटिन द्यायचं की नाही यासाठी बहुतेक ठिकाणी ५० किंवा ६० ही मर्यादा धरतात. ती रुग्णालयागणिक आणि मात्रेगणिक थोडी बदलते, त्यामुळे ४३ म्हणजे नाहीच, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. ऑपरेशननंतरच्या दिवसांत पाणी कमी पडल्यामुळे आकडा तात्पुरता वाढलेला असेल तर दोन दिवस पोटात नीट पाणी गेल्यावर तो खाली येतो, आणि मग चित्र वेगळं दिसतं. प्रोस्टेट वाढून लघवी अडत असेल, तर ते सोनोग्राफीत कळेल आणि सुधारताही येईल. बीपीची कुठली गोळी चालू आहे, मधुमेह आहे का, ऑपरेशननंतर दुखण्याची इंजेक्शनं किती दिवस झाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर यावरही अवलंबून आहे.

म्हणून पहिल्या डोसच्या आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "बाबांचा क्लिअरन्स ४३ येतोय, सिस्प्लॅटिनच द्यायचं आहे का?" यात त्यांचा अपमान वगैरे काही नाही. आणि आता पर्यायही आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३५६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सिस्प्लॅटिन झेपणार नाही अशा तोंड-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शेकासोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेलची छोटी मात्रा दिली, तर नुसत्या शेकापेक्षा जास्त लोक दोन वर्षांनंतर आजारमुक्त होते. डोसिटॅक्सेलचे स्वतःचे त्रास आहेत, तोंड जास्त सोलवटतं, पण किडनीला ते सिस्प्लॅटिनसारखं मारत नाही. बाबांसाठी काय योग्य हे गाठीचा रिपोर्ट पाहून त्यांचे डॉक्टरच ठरवतील. मला एवढंच म्हणायचंय की किडनी वाचवण्याचा सगळ्यात मोठा निर्णय कॅप्सूलच्या डबीत नाही, या प्रश्नात आहे.

आता उंदरांकडे वळू, कारण तुम्ही निबंध मनापासून वाचलाय आणि त्याला नुसतं "उंदरांवरचं आहे हो" म्हणून झटकणं मला बरं वाटत नाही.

सिस्प्लॅटिन किडनीत नेमकं काय करतं ते आधी पाहा. किडनीच्या सुरुवातीच्या नळीच्या पेशी रक्तातून काही पदार्थ ओढून घेऊन लघवीत टाकायचं काम करतात. त्यासाठी त्यांच्या भिंतीत वाहक असतात. त्यातलाच एक वाहक सिस्प्लॅटिनलाही आत ओढतो, आणि या पेशींमध्ये औषध रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं. आत गेलं की पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू वाढतात, ग्लुटाथिऑन हा पेशीचा राखीव रक्षक संपत जातो, सूज येते, पेशी मरतात. पुनर्नवा, गोखरू, वायवर्णा, गुळवेल, हळद, पळसाची फुलं, अशा अनेक वनस्पतींतले फ्लेव्होनॉइड आणि फिनॉल वर्गातले घटक ही साखळी मधेच कुठेतरी ढिली करतात. प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसलंय आणि ते खरं आहे.

पण प्रयोग कसा मांडलेला असतो ते नीट वाचा. तरुण, निरोगी उंदीर. अर्क आधीच सुरू केलेला, कधी पाच दिवस, कधी आठवडाभर. मग पोटात सिस्प्लॅटिनचं एकच इंजेक्शन, किलोमागे ५ ते ७ मिलिग्रॅम. काही दिवसांनी उंदीर मारून रक्तातलं युरिया-क्रिएटिनिन आणि किडनीचा काप तपासायचा. बाबांना एक घाव बसणार नाही, सहा-सात आठवडे दर आठवड्याला बसणार आहे. तेही बासष्टीतल्या, आधीच थकलेल्या किडनीवर, खाणंपिणं कमी झालेलं असताना.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. यातल्या बहुतेक प्रयोगांत उंदराला कर्करोग नसतो. त्यामुळे अर्काने किडनीची पेशी वाचवली हे दिसतं, पण त्याच वेळी गाठीची पेशीही वाचवली का, हे तपासलेलंच नसतं. आणि ही शंका हवेतली नाही. कर्करोगाच्या ज्या पेशी सिस्प्लॅटिनला दाद देत नाहीत, त्यांच्यातल्या बऱ्याच पेशींत तेच ग्लुटाथिऑन वाढलेलं सापडतं. ज्या ढालीने किडनी वाचते, तीच ढाल गाठीच्या हातात गेली तर? बाबा एवढा त्रास सोसून केमो घेणार, तर त्याचा पूर्ण मार गाठीला बसायला हवा. या एका कारणासाठी मी केमोच्या काळात कुठलाही दाट अँटिऑक्सिडंट अर्क थांबवायला सांगते, मग तो आपल्या जडीबुटीचा असो की परदेशी महागड्या गोळीचा.

मात्रेचं गणितही करून पाहा. अशा निबंधांत साधारण किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क असतो. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब लागतो. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरासाठी ६.२ ने भागतात. म्हणजे किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम, ५२ किलोच्या माणसाला रोज ३.३ ग्रॅमच्या वर शुद्ध अर्क. तुमच्या कॅप्सूलमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर रोज तेरा-चौदा कॅप्सूल झाल्या. कृपा करून तेवढ्या देऊ नका, तेवढी मात्रा माणसाला सुरक्षित आहे असं कुणी दाखवलेलं नाही. सांगायचं हे की रोजच्या दोन कॅप्सूल आणि त्या निबंधातला निकाल यांचा एकमेकांशी संबंध जोडता येत नाही.

उंदरात जे चाललं ते माणसात चालत नाही, असं मी सरसकट म्हणत नाही. पण किडनीच्या बाबतीत आम्ही हा धक्का अनेकदा खाल्लाय. एन-ॲसिटिलसिस्टीन हे ग्लुटाथिऑन वाढवणारं औषध. अँजिओग्राफीच्या डायपासून किडनी वाचावी म्हणून आम्ही ते वर्षानुवर्षं देत होतो, छोट्या अभ्यासांत ते उपयोगी दिसत होतं. मग जवळपास ५,००० रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला आणि दिसलं की त्याचा काहीच फायदा नाही. त्याच वर्षी कॅनडातून हळदीतल्या करक्युमिनचा अभ्यास आला. पोटातल्या महाधमनीचं ऑपरेशन होणाऱ्या सहाशेहून जास्त रुग्णांना ऑपरेशनच्या आगेमागे करक्युमिनच्या मोठ्या मात्रा दिल्या. प्राण्यांतल्या निकालांवरून किडनी वाचेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात करक्युमिन घेतलेल्यांच्यात किडनीला इजा झालेले रुग्ण उलट जास्त निघाले. भाजीतल्या हळदीविषयी मी बोलत नाहीये, ती बिनधास्त घाला. अर्क करून, दाट करून दिली की तीच वस्तू वेगळी वागते.

आता तुमच्या डबीतल्या दोन वनस्पती. पुनर्नवा, आपल्याकडे हिलाच घेटुळी म्हणतात, आणि गोखरू म्हणजे शेतात पायात रुततो तो सराटा. दोन्ही मूत्रल आहेत, लघवी वाढवतात. अंगावर सूज असलेल्या माणसाला वैद्य त्या देतात त्यामागे हाच विचार आहे आणि तो त्या रुग्णापुरता योग्यही आहे. पण सिस्प्लॅटिनच्या रुग्णाचा सगळ्यात मोठा शत्रू शरीरातलं पाणी कमी होणं हाच आहे. उलट्या चालू आहेत, घसा सोलवटल्यामुळे घोट उतरत नाही, आणि वरून लघवी वाढवणारं काही दिलं, तर किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटतो आणि औषध नळीत जास्त दाट होऊन बसतं. दुसरं, पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार बऱ्यापैकी असतात. क्लिअरन्स ४३ असलेल्या माणसात, त्यातून तो बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी घेत असेल तर, पोटॅशियम चढायला वेळ लागत नाही.

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार माझ्याकडे असेच आले होते, ऐन मे महिन्यात. सिस्प्लॅटिन चालू, तोंड आलेलं, दोन दिवस उलट्या, घरी सकाळ-संध्याकाळ किडनीचा म्हणून काढा, आणि दुखतंय म्हणून गावात डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं. जीभ कोरडी खडखडीत, उभं राहिलं की बीपी पडायचं, कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी. क्रिएटिनिन केमोआधी १.१ होतं ते ४ च्या वर गेलेलं. काढ्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. उलट्या, ऊन, इंजेक्शन आणि काढा सगळ्यांनी मिळून केलं. सलाईनवर आणि वाईट गोष्टी थांबवल्यावर किडनी बरीच सावरली, डायलिसिस लागलं नाही. पण उरलेलं सिस्प्लॅटिन त्यांना देता आलं नाही. मला तेच सगळ्यात जास्त लागतं. किडनी दुखावली की कर्करोगाचा इलाजही अर्धवट राहतो.

"नैसर्गिक आहे" याबद्दलही बोलायलाच हवं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये जाणाऱ्या बायकांच्या किडन्या एकामागून एक निकामी होऊ लागल्या. त्यांच्या औषधातली एक चिनी वनस्पती नावाच्या गोंधळात बदलली गेली होती आणि तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली होती. शंभराहून जास्त जणी बाधित झाल्या, अनेकींना डायलिसिस लागलं, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. याच कुळातली ईश्वरी, म्हणजे सापसन, आपल्याकडेही उगवते आणि जडीबुटी म्हणून वापरलीही जाते. पुनर्नव्याच्या नावाखाली दुसरीच पसरट वेल विकली जाणं, छोट्या गोखरूऐवजी मोठा गोखरू येणं, हे बाजारात नवीन नाही. वाळलेला चुरा पाहून तुम्हाला किंवा मला ते ओळखता येणार नाही. डबीवर भस्म, क्षार, शिलाजीत असं काही लिहिलेलं असेल तर माझी काळजी आणखी वाढते, कारण शिसं आणि पारा किडनीला थेट इजा करतात, आणि डबीतल्या मालात ते किती आहेत हे लेबलवरून कळत नाही. आणि जाता जाता, कमरखाचा (स्टार फ्रूटचा) रस किडनीला चांगला असं कुणी सांगितलं तर अजिबात देऊ नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे किडनी बंद पडल्याच्या, आणि आधीच कमजोर किडनी असलेल्यांना ते फळ खाऊन फिट्स आल्याच्याही नोंदी आहेत.

मग बाबांची किडनी वाचवायची कशी? इथे मी सविस्तर लिहिते, कारण हेच तुमच्या हातात आहे.

सिस्प्लॅटिन द्यायचं ठरलंच तर त्याच्या आधी आणि नंतर सलाईन, साधारण एक ते दोन लीटर, आणि त्यात मॅग्नेशियम. ही बाटली घाईत अर्धी सोडून घरी येऊ नका, "उशीर होतोय, बाकी घरी पाणी पाजतो" म्हणून तर नाहीच. मॅग्नेशियम सिस्प्लॅटिनमुळे लघवीतून वाहून जातं, आणि ते कमी झालं की किडनीची इजा वाढते. म्हणून दर डोसआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमसोबत मॅग्नेशियमही तपासतात का, ते विचारून घ्या. यादीत ते बरेचदा नसतं.

खरी कसोटी पहिल्या आठवड्यात नाही, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर लागते. शेकाने तोंड आणि घसा सोलवटतो, पाणीसुद्धा झोंबतं, आणि माणूस नकळत निम्म्यावर येतो. बाबांना नाकातली नळी असेल तर ती लवकर काढायचा आग्रह धरू नका. एका वहीत दिवसभरातलं पाणी, ताक, पेज, सूप सगळं मिलिलीटरमध्ये लिहा. हृदयाचा त्रास नसेल तर दिवसाला अडीच ते तीन लीटर पोटात जायला हवं, आणि नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर बसूनही घाम जातोच, तेव्हा थोडं जास्तच. रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन घ्या. दोन दिवसांत किलो-दीड किलो उतरलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. लघवी गडद पिवळी आणि थोडी होतेय, उठताना चक्कर येतेय, तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

दुखणं सहन करायला लावू नका, पण त्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक हे मेडिकलमधून आणून देऊ नका. पॅरासिटॅमॉल, आणि ते पुरलं नाही तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीन, हे कॅन्सरच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. मॉर्फीनच्या नावाने घरचे घाबरतात, पण योग्य मात्रेत ते किडनीला मारत नाही. क्लिअरन्स कमी असेल तर फक्त मात्रा कमी ठेवावी लागते आणि लक्ष ठेवावं लागतं. ताप आला आणि कुणी जेंटामायसिन किंवा अमिकासिन लिहिलं, किंवा डाय घालून सीटी स्कॅन सांगितला, तर "सिस्प्लॅटिन चालू आहे, क्लिअरन्स ४३ आहे" हे वाक्य तुम्हीच आधी बोला. बीपीच्या गोळ्यांचं आणि पाणी काढणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. उलट्या-जुलाब चालू असलेल्या दिवशी त्या घ्यायच्या की थांबवायच्या, हे आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवा.

मोठ्या बाबांचं मन मोडू नका. त्यांना काळजी आहे म्हणून ते इतवारीत गेले. त्यांना सांगा की डबी सध्या कपाटात ठेवू, आणि दर डोसच्या दिवशी सलाईन संपेपर्यंत बाबांजवळ बसायचं, वही भरायची, हे काम त्यांच्याकडे. खरंच सांगते, अशा कुटुंबांतल्या रुग्णांची किडनी जास्त टिकते, हा माझा अनुभव आहे.

केमो संपल्यावर काय? शेवटच्या डोसनंतर महिना-दीड महिना गेला, क्रिएटिनिन दोनदा सारखं आलं, पोटॅशियम ठीक आहे, आणि तरी तुम्हाला पुनर्नवा द्यायचाच असेल, तर मी आडवी येणार नाही. फक्त अट अशी: पदवीधर वैद्याला बाबांना प्रत्यक्ष दाखवून, एकाच वनस्पतीचं औषध, भस्म-क्षार नसलेलं, आणि सुरू करण्याआधी व पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम. चांगले वैद्य यावर रागावत नाहीत, माझ्या ओळखीचे तर स्वतःच रिपोर्ट मागतात. कर्करोगाचे डॉक्टर, मी किंवा माझ्यासारखं कुणी आणि वैद्य, तिघांनाही सगळ्या गोळ्यांची एकच यादी दाखवा.

आज करायचं ते थोडंच आहे. क्रिएटिनिन पुन्हा करा, सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम, लघवीची साधी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. ते कागद घेऊन पहिल्या डोसच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा आणि तो ४३ चा प्रश्न विचारा. रिपोर्ट आले की आकडे, आणि बाबांच्या चालू गोळ्यांची नावं इथेच लिहा, मी पाहते.